आंबा, पेरू, शेवटी पपनस

मोझॅक जातीच्या हॉप्सबद्दल माझ्या वहीत दोन नोंदी आहेत. पहिली गेल्या वर्षीच्या मार्चमधली: "पिकलेला आंबा, पेरू, शेवटी पपनसाची साल." दुसरी या वर्षीच्या फेब्रुवारीतली, शब्दशः तीच. पहिली नोंद पाकीट फोडून, गोळ्या तळहातावर चुरगळून, नाकाशी धरून लिहिलेली आहे. दुसरी पहिलीवरून उतरवलेली आहे. हा मजकूर दुसऱ्या नोंदीबद्दल आहे.

कॅनडातल्या ग्वेल्फला आल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यापासून मी घरी बिअर करते. त्याआधी अकरा वर्षं एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर होते. इथे शेतीयंत्रांच्या माहितीपुस्तिका तपासण्याची नोकरी आहे. बिअर बेसमेंटमध्ये होते. घर तापवणारा फर्नेस आणि वॉशिंग मशीन यांच्यामध्ये बिअर आंबवायचे दोन फर्मेंटर मावतील एवढी जागा आहे. नवरा कोल्हापूरकडचा, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात इंजिनियर. तो बिअर पीत नाही. बादल्या उचलून देतो.

हॉप्स ही एका वेलीची फुलं. वाळवून, दाबून त्यांच्या हिरव्या गोळ्या करतात. माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाच्या, उकळत्या रसात आधी टाकल्या तर बिअरला कडूपणा येतो, उशिरा टाकल्या तर वास. जाती पुष्कळ आहेत आणि प्रत्येकीच्या पाकिटावर वर्णन छापलेलं असतं: पाइन, सिट्रस, स्टोन फ्रूट. स्टोन फ्रूट म्हणजे नेमकं कोणतं फळ, ते पाकीट सांगत नाही. डेस्कवर असा शब्द आला असता तर मी बातमीदाराला फोन लावला असता. म्हणून मी स्वतःची वही केली. कॅस्केड: पपनस सोलल्यावर बोटांना राहतो तो वास. सेंटेनिअल: लिंबाचं पान चुरगळून. चिनूक: राळ, मागून मिरी. फगल: लाकडाची वखार, आत ओल. सोराची एस या जपानी जातीच्या पाकिटावर 'डिल' लिहिलेलं असतं. डिल म्हणजे शेपू. ज्याला शेपू चालत नाही त्याने ही घेऊ नये, एवढंच मी लिहिलं.

ही वही आमच्या भागात घरी बिअर करणाऱ्या दहाबारा जणांत फिरू लागली. मी तिचं इंग्रजी करून दिलं. तिचा सगळ्यात जास्त वापर करणारा माणूस पुढच्या वळणावरच्या कॉन्डोत राहतो. नागपूरचा, विमा कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहिणारा, चाळिशीच्या आतबाहेरचा. पहिल्यांदा तो कढीपत्ता मागायला आला होता. पंधरा वर्षं सिगारेट ओढून त्याने सोडली. वास मात्र धड परत आला नाही, असं तो सांगतो. "माझं नाक फक्त चष्मा ठेवायला आहे, वहिनी. हुंगायचं काम तुमचं."

जानेवारीच्या सुरुवातीला मला चार दिवस ताप होता. पाचव्या दिवशी मी स्वयंपाकाला उभी राहिले. नवरा ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून आत आला आणि दारातच थांबला.

"अगं, काय जळतंय?"

मी गॅससमोर उभी होते. फोडणीतला लसूण काळा झाला होता. मी म्हणाले, "फोनवर होते."

फोन वरच्या मजल्यावर चार्जिंगला होता.

त्यानंतर मी रोज सकाळी चार गोष्टी नाकाशी धरत असे. कॉफीचा डबा, हिंगाची डबी, बाम, जायफळ. वहीच्या मागच्या पानावर नोंद: "कॉफी नाही. हिंग नाही. बाम थंड लागतो, वास नाही. जायफळ नाही." असं सलग तीन आठवडे आहे. क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी सांगितलं की वास परत येऊ शकतो, काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत, वेगळा होऊनही येऊ शकतो, थांबावं लागेल. जिभेला खारट, आंबट, गोड, कडू कळत होतं. बिअर प्यायली की कडूपणा कळायचा. त्यापलीकडे ते थंड पाणी होतं.

मी कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. रात्रीची भाजी बहुतेक तो करायचा आणि मीठ बरोबर आहे का, असं विचारायचा. मीठ कळत होतं, त्यामुळे उत्तर खरं असायचं. याच सुमारास मला एका जागी बसवेनासं झालं. जिना उतरून बेसमेंटमध्ये जायचं, फर्मेंटरचं झाकण बघायचं, वर यायचं, फ्रीझर उघडायचा, बंद करायचा. ऑफिसच्या कामात एकाच पानावर तीनदा परत येत होते.

जानेवारी संपताना नागपूरवाला आला. बूट काढायच्या आधीच बोलायला लागला.

"वहिनी, बातमी आहे. डाउनटाउनच्या ब्रुअरीत मला नळ मिळून राहिला. म्हणजे मिळू शकते."

प्रकरण असं होतं. गावातल्या एका छोट्या ब्रुअरीची मुख्य ब्रुअर, साठीच्या घरातली बाई, दरवर्षी घरी करणाऱ्यांपैकी एकाची बिअर उन्हाळ्यासाठी गिऱ्हाइकांसाठीच्या एका नळाला लावते. तिने याला मार्चमधला पहिला शनिवार दिला होता. नमुना आणायचा आणि सोबत एका पानाचं वर्णन. ती आधी पान वाचते, मग ग्लास नाकाशी नेते. पान आणि ग्लास जुळले नाहीत तर ग्लास खाली ठेवते. त्या माणसाला पुन्हा बोलावत नाही.

"या देशात मी दोनच गोष्टी मागितल्या," तो म्हणाला. "कायम राहायचं पीआर मिळालं. आता हे. कोड लिहून लिहून मला माझ्या हातानं बनलेली एक चीज लोकांनी पिताना बघायची आहे. बस."

"कोणते हॉप्स घेतोयस?"

"ते तुम्ही सांगा नं. मी काय सांगू?"

ठरलं ते असं: माल्ट एकच, यीस्ट एकच, दोन फर्मेंटर. एकात कॅस्केड, एकात मोझॅक. जी सरस ठरेल ती शनिवारी न्यायची. कॅस्केडचं पाकीट पोस्टाने नवं आलं होतं, हवाबंद. ते करायच्या दिवशीच फोडलं. मोझॅकची मोठी पिशवी त्याने नोव्हेंबरमध्ये घेतली होती, स्वतःच्या कॉन्डोत फोडून थोडी वापरली होती आणि जागा नाही म्हणून उरलेली माझ्या फ्रीझरमध्ये आणून ठेवली होती. तोंडाला कपडे वाळत घालायचा चिमटा.

फ्रीझरबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. माझी नणंद दरवर्षी वर्षाचा कांदा-लसूण मसाला करून पाठवते. रंग आणि झणका टिकावा म्हणून तो फ्रीझरमध्ये ठेवायचा, हे इथल्या प्रत्येक मराठी घरात चालतं. यंदाचा मसाला डिसेंबरमध्ये आला. दोन किलो, प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत, वरून वर्तमानपत्र. फ्रीझरमध्ये तो मोझॅकला खेटून होता. हे मला दिसत होतं. डिसेंबरपासून रोज दिसत होतं.

बिअर शिजवली. आंबवण शांत झाल्यावर, थंड बिअरमध्ये शेवटचे हॉप्स टाकायचे असतात. त्याने कडूपणा वाढत नाही, फक्त वास येतो. म्हणजे जे मला तपासता येत नव्हतं तेवढंच. मी पिशवीचा चिमटा काढला, गोळ्या मोजल्या, टाकल्या, झाकण लावलं. काम नियमाप्रमाणे झालं.

दोन दिवसांनी नवरा ड्रायरमधले कपडे काढायला खाली आला. मी फर्मेंटरपाशी होते.

"एकदम भूक लागली गं. वर काय टाकलंयस?"

"काही नाही. डाळभात झालाय."

"मग हा वास?"

"हॉप्सचा."

"असेल बाबा. मला काय कळतंय त्यातलं." कपड्यांची टोपली घेऊन तो वर गेला आणि दोनदा वाढून घेऊन जेवला.

बाटल्या भरल्यावर नागपूरवाला चाखायला आला. आधी कॅस्केड प्यायला, मान हलवली. मग मोझॅक. ग्लास संपवूनच बोलला.

"ही. हीच. ही एकदम घरची वाटून राहिली."

"घरची म्हणजे कशी?"

"आपली वाटते. ओळखीची. आता ते आंबा-बिंबा तुम्ही लिहा. पान तुमचं, नळ माझा."

त्याने ग्लास माझ्यापुढे केला. मी नाक आत घातलं. काच थंड होती. मी एक घोट घेतला. कडूपणा हवा तेवढा होता. वहीत गेल्या वर्षीचं पान उघडलं आणि उतरवून घेतलं. आंबा, पेरू, शेवटी पपनसाची साल. मग त्याचं इंग्रजी केलं. त्याने मोबाइलमध्ये फोटो काढला आणि ब्रुअरीला पाठवून दिला.

डेस्कवरच्या दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एक बातमी गेली होती. तालुक्याच्या वार्ताहराने एका व्याख्यानाचा वृत्तांत पाठवला: सभागृह भरलेलं, वक्त्यांनी अमुक सांगितलं, आभार तमुक यांनी मानले. मी शुद्धलेखन सुधारून पान छपाईला सोडलं. व्याख्यान झालंच नव्हतं; वक्ते आजारी पडले होते. वार्ताहराने निमंत्रणपत्रिकेवरून बातमी लिहिली होती. दुसऱ्या दिवशीचा खुलासा मी लिहिला, तीन ओळींचा. त्या वार्ताहराला फोनवर मी काय काय बोलले ते मला आठवतं. "तुम्ही तिथे होतात का? एवढंच सांगा. होतात का?"

पान पाठवलं तो रविवार. शनिवार सहा दिवसांवर. सोमवारी मी मोझॅकची एक बाटली फोडली आणि हुंगली. मंगळवारी दुसरी. बुधवारी बाटली कोमट करून हुंगली, कारण कोमट झाल्यावर वास जास्त सुटतो. काही नाही. गुरुवारी ऑफिसातून लवकर निघाले, घरी आले, कोट न काढता बेसमेंटच्या जिन्यावर बसले, उठले, नदीपर्यंत चालत गेले आणि बर्फामुळे पायवाट बंद होती म्हणून परत आले. डोक्यात एकच प्रश्न होता: त्या ग्लासात काय आहे. उत्तर देऊ शकेल असं एकही नाक मी विचारात घेतलं नव्हतं, आणि एक नाक रोज माझ्यासमोर बसून जेवत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी नागपूरवाला बाटल्या न्यायला आला. आम्ही तिघंही बेसमेंटमध्ये होतो. मी सांगितलं: जानेवारीपासून मला वास येत नाही. पान गेल्या वर्षीच्या नोंदीवरून लिहिलं आहे.

आधी नवरा बोलला. "म्हणजे ती फोडणी..."

"हो."

"आणि मी रोज येड्यासारखा विचारतोय, भाजी कशी झालीय, भाजी कशी झालीय."

"मीठ कळतं."

नागपूरवाला रंगाच्या उलट्या बादलीवर बसला. बाटलीवरचं लेबल नखाने खरवडू लागला.

"वहिनी, तुम्ही तं पेपरवाल्या. दुसऱ्याच्या बातमीत एक शब्द इकडचा तिकडे झाला तं तुम्ही सोडत नाही. माझ्या कढीपत्त्याच्या मेसेजमध्ये चुका काढता. अन् हे?"

"चुकलं माझं."

"चुकलं काय, बाप्पा! ते पान तिच्याकडे जाऊन बसलंय. मी तुमच्या नाकाच्या भरवशावर चाललो होतो." मग खालच्या आवाजात: "मला सांगितलं असतं तं मी काय केलं असतं? दुसरं नाक शोधलं असतं."

मी मोझॅकची बाटली फोडून ग्लासात ओतली आणि नवऱ्यासमोर धरली. तो मागे सरकला.

"मी पीत नाही."

"प्यायची नाही. फक्त हुंग आणि सांग."

त्याने ग्लास हातात घेतला, नाक जवळ नेलं, लांब केलं, पुन्हा जवळ नेलं. आमच्या दोघांकडे बघितलं.

"सांगू का? रागवायचं नाही. ताईचा मसाला."

तो वर गेला, फ्रीझरमधून मोझॅकची पिशवी आणि मसाल्याची पिशवी घेऊन खाली आला, दोन्ही आळीपाळीने नाकाला लावल्या. "सख्ख्या बहिणी. हिच्यात जरा फळबिळ पण आहे, खोटं कशाला बोलू. पण वरून कांदा-लसूणच. त्या दिवशी भूक उगाच नाही लागली मला."

नागपूरवाल्याने ग्लास हिसकावून घेतला. खोल श्वास घेतला. "हो का नाही, सांगता येत नाही," तो म्हणाला. "माझ्या घरी तं रोज असाच वास राहते." मग तो हसायला लागला, आणि हसणं मध्येच थांबवलं. "आंबा, पेरू. तिनं हे वाचलं असन अन् मी तिच्यासमोर मिसळीचा कट ठेवला असता."

उरली कॅस्केड. नवऱ्याने ती हुंगली. माझी वही त्याने कधी वाचलेली नव्हती.

"शाळेत आम्ही संत्र्याची साल एकमेकांच्या डोळ्यांत पिळायचो. ती चिरकांडी उडते ना, तो वास. आणि मागून... नवी कोरी वही."

मी तसंच लिहिलं. संत्र्याची साल पिळल्यावर उडते ती चिरकांडी; मागे कोरा कागद. खाली लिहिलं: वास घेणारा बिअर न पिणारा इंजिनियर आहे. लिहिणारीला जानेवारीपासून वास येत नाही. रविवारी पाठवलेलं मोझॅकचं वर्णन जुन्या नोंदीवरून होतं, ते रद्द समजावं.

नागपूरवाल्याने माझ्या खांद्यावरून वाचलं. "हे शेवटचं कशाला? ती आधी पान वाचते, वहिनी. हे वाचून ग्लासाला हात पण नाही लावणार."

"शक्य आहे."

"मग?"

"तुझा नळ आहे. तू म्हणशील ते. पण माझ्या हाताने लिहिलेलं पान असेल तर एवढं त्यात असेल."

तो जिन्यापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. नवरा ड्रायरला टेकून उभा होता. फर्नेस सुरू झाला, बंद झाला.

"ठेवा," तो म्हणाला. "पण इंग्लिश चांगलं करा. नाहीतर दोन्हीकडून मरण."

शनिवारी मी त्याच्यासोबत गेले. ब्रुअरीत दुपारची वेळ होती, टाक्या धुण्याचं काम चाललं होतं. ब्रुअर बाईंनी पान वाचलं. शेवटच्या ओळी वाचून माझ्याकडे बघितलं. पान टेबलावर उलटं ठेवलं. मग ग्लास उचलला. नागपूरवाल्याने दोन्ही हात जॅकेटच्या खिशांत घातले होते.

त्या म्हणाल्या की संत्र्याची साल बरोबर आहे. कागद त्यांना सापडला नाही. पुन्हा हुंगून म्हणाल्या, कदाचित आहे.

नंतर त्यांनी विचारलं की रद्द केलेली बिअर आणली आहे का. एक बाटली गाडीत होती. ती हुंगून त्या मोठ्याने हसल्या आणि मदतनिसाला हाक मारून त्यालाही हुंगायला लावलं. मी फ्रीझर आणि मसाल्याची हकीकत सांगितली. त्यांनी मान हलवली आणि एक वेगळी शक्यता सांगितली. ही जात वेलीवर जास्त दिवस राहिली, उशिरा तोडली, तर तिला आपोआप कांदा-लसणाचा वास येतो. मसाला नसलेल्या घरांतही येतो. नोव्हेंबरमध्ये पिशवी पहिल्यांदा फोडली तेव्हा कोणी हुंगली होती?

नागपूरवाल्याने माझ्याकडे बघितलं. फोडली त्याने होती. हुंगली कोणीच नव्हती.

तीन दिवसांनी निरोप आला. कॅस्केड नळाला लागेल. पूर्ण उन्हाळा नाही, फक्त जून. पानाचा मजकूर नळाशेजारी लावतील, शेवटच्या ओळी वगळून. नागपूरवाल्याने मला फोन करून हे सांगितलं. आवाज आनंदी होता. "थँक्यू वहिनी," म्हणाला, आणि लगेच, "भाऊ आहेत का घरी?"

आता तो भाऊंसाठीच येतो. पाकिटं घेऊन येतो, नवरा हातपाय धुऊन बसतो आणि एकेक गोळी चुरगळतो. सेंटेनिअलला तो म्हणाला, "आंघोळीचा साबण, चांगल्यातला." फगलला म्हणाला, "आजोळचं कोठीघर." सोराची एस हुंगून उठून गेला, शेपू तो खात नाही. मी लिहून घेते. वहीत आता एक जास्तीचा रकाना आहे: वास कोणी घेतला. मोझॅकच्या दुसऱ्या नोंदीवर मी एकच आडवी रेघ मारली आहे, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला तीन ओळी आहेत. वासाची कारणं दोन संभवतात: शेजारचा मसाला किंवा उशिरा झालेली तोडणी. यातलं कोणतंही सिद्ध झालेलं नाही. लिहिणारी तिथे होती, पण तिला वास येत नव्हता.

मसाला मी फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात, काचेच्या बरणीत हलवला आहे. हॉप्स वर. दिवसातून दोनदा तरी उघडून बघते.

सकाळची चार डब्यांची तपासणी चालू आहे. मेच्या मध्यावर एका सकाळी कॉफीचा डबा उघडला आणि मी तो पटकन खाली ठेवला. पुन्हा उचलला. नवरा टोस्टरपाशी होता.

"काय झालं?"

"आला."

"कॉफीचा?"

मी पुन्हा हुंगून बघितलं. काहीतरी होतं. रबर किंवा ओलं जळकं लाकूड, किंवा दोन्ही नाही.

"कॉफीचा नाही."

"मग कशाचा?"

"माहीत नाही." मी वही ओढून नोंद केली.

"मग लिहिलंस काय?"

मी वही त्याच्याकडे फिरवली. कॉफीपुढे लिहिलं होतं: काहीतरी. त्याच्या पुढच्या रकान्यात, वास कोणी घेतला: मी. बाकीचे तीन डबे अजून उघडायचे होते.